फक्त सहीच तर करायचीय

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

मी ४६ वर्षांचा आहे. मकरपुऱ्यात एका खासगी कारखान्यात नोकरी करतो, राहायला मांजलपूरला. माझे वडील नवसारीला होते. बारावीनंतर मला बडोद्याला कलाभवनात, म्हणजे इंजिनिअरिंगला, प्रवेश मिळाला, तेव्हा चार वर्षं मी दांडिया बाजारात काका-काकूंच्या घरी राहिलो. त्यांनी कधी पैसा घेतला नाही. दुसऱ्या वर्षीची फी भरायला काकांनी पोस्टातली ठेव मोडली होती. परीक्षेच्या दिवसांत काकू पहाटे उठून डब्यात ठेपले भरून द्यायच्या. काका आता नाहीत. चुलतभाऊ केटरिंगचा धंदा करतो. त्याला पंधरा लाखांचं कर्ज हवंय आणि मी जामीन राहावं असं तो म्हणतो. ‘फक्त सहीच तर करायचीय, हप्ते मीच भरणार.’ काकूंचाही फोन आला, ‘तुझ्याशिवाय सांगू कोणाला?’ बायको ठाम नाही म्हणते. (करोनानंतर भावाला मी दोन लाख दिले होते, ते परत आलेले नाहीत. बायकोला माहीत नाही.) मुलगी यंदा बारावीला आहे. मी भावाला ‘बघू’ म्हटलंय. गौरी-गणपतीचं जेवण दर वर्षी काकूंकडे असतं. यंदा बायको-मुलीला पाठवलं आणि मी ड्यूटी आहे सांगून घरी बसलो. सही केली तर झोप उडेल, नाही केली तर कृतघ्न ठरेन. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केलेला फॉर्म महिनाभर कपाटात पडून आहे.

उत्तर:

सही करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

व्यवहाराचं आधी उरकते. जामिनाचा कायदा जुना आहे, १८७२चा करार कायदा. त्याच्या १२८व्या कलमानुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे हप्ते थकले की बँकेने आधी भावाकडून वसूल करावं, तिथे काही मिळालं नाही तरच तुमच्याकडे यावं, असा क्रम नाही. ती थेट तुमच्या दारात येऊ शकते, आणि तेही व्याजासकट पूर्ण थकबाकीसाठी. तुम्ही पैसे भरलेत तर ते भावाकडून वसूल करायचा हक्क कायदा तुम्हाला देतो. पण ज्याच्याकडे दोन लाख परत मागायला तुमची जीभ रेटत नाही, त्याच्यावर तुम्ही दावा लावणार आहात का? शिवाय हे कर्ज तुमच्या सिबिलच्या अहवालातही दिसेल. मुलगी बारावीला आहे. वर्षभरात शैक्षणिक कर्जाची वेळ आली तर सहकर्जदार म्हणून बहुधा तुमचंच नाव लागेल, आणि ती बँक आधी हा अहवाल उघडेल.

तरी कायदा माहीत नव्हता म्हणून तुम्ही अडलात असं मला वाटत नाही. इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला जामीन म्हणजे काय ते कळतं. तुम्ही अडलात ते काकूंच्या फोनपाशी.

‘भावनेच्या आहारी जाऊ नका, डोकं वापरा’ असा सल्ला तुम्हाला चार जणांनी दिला असेल. मला त्या सल्ल्याचा कंटाळा आहे. आंतोनियो दामासिओ या मेंदूतज्ज्ञाने अशा रुग्णांचा अभ्यास केला, ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. बुद्धी शाबूत, आकडेमोड शाबूत, स्मरणशक्ती शाबूत, पण संकोच, हळहळ, लाज हे सगळं बोथट झालेलं. आता ही माणसं शांत डोक्याने उत्तम निर्णय घेत असतील असं आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात पैशांत आणि माणसांत ती पुन्हा पुन्हा घसरत राहिली. त्यातला एक रुग्ण तर तपासणीची पुढची तारीख दोनपैकी कोणती घ्यावी, यावर जवळजवळ अर्धा तास दोन्ही बाजू मांडत बसला होता. तेव्हा काकूंचा फोन आल्यावर तुमच्या पोटात जे कालवलं, ते काढून टाकायची गरज नाही. ते कालवणं काकांकडेही होतं, म्हणूनच पोस्टातली ठेव मोडली गेली.

फक्त त्या भावनेला आकडा कळत नाही. उपकाराची जाणीव तुम्हाला सांगते की देणं आहे. किती द्यायचं, कशाच्या रूपात, कोणाच्या हाती, यातलं ती काहीच सांगत नाही. त्या रिकाम्या जागा भावाने भरल्या: पंधरा लाख, सहीच्या रूपात, माझ्या हाती. आणि तुमच्या मनात खरं देणं आधीच असल्यामुळे तुम्ही त्याने भरलेला आकडाही खरा धरून चाललात.

आता काकांनी काय केलं होतं ते बघा. त्यांच्याजवळ जे होतं त्यातलं त्यांनी दिलं. जवळ नव्हतं ते दुसऱ्या कोणाच्या भविष्यावर उचलून दिलं नाही. त्यांच्या ठेवीत तुमच्या चुलतभावाच्या शाळेची फी नसणार. तुम्ही मात्र सही करणार ती मुलीच्या पुढच्या पाच-सहा वर्षांवर. काकांचं ऋण मानायचं तर त्यांनी जसं दिलं तसं द्या, आपल्याजवळ आहे त्यातलं, आणि परत येण्याची वाट न बघता.

तुम्हाला आणखी एक मोह होत असेल. पत्रात तो लिहिलेला नाही, पण मला दिसतोय. एकदाची सही करून टाकावी, म्हणजे फिटलं. त्या चार वर्षांचं ओझं उतरलं. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांची एक हकिगत आहे, उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेली. मुलांना न्यायला काही आईबाप उशिरा यायचे आणि शिक्षिकेला खोळंबून राहावं लागायचं. काही पाळणाघरांत उशिराला दंड लावून पाहिला. उशिरा येणारे वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाई थांबल्यात म्हणून ओशाळून धावत येणारा बाप आता दंड भरतो की, म्हणून निवांत यायला लागला. पुढे दंड रद्द केला तरी उशीर कमी झाला नाही.

काकूंच्या ठेपल्यांना किंमत लावलीत तर तुमच्या घरातही हेच होईल. सही केलीत की आपण आपलं दिलं असं तुम्हाला वाटायला लागेल, आणि त्यांचा गुडघा दुखतोय कळल्यावर जे पाऊल आज आपसूक दांडिया बाजाराकडे वळतं ते वळणार नाही. तिकडे भावालाही कळून चुकेल की त्या चार वर्षांच्या बदल्यात काय काय मागता येतं. आपल्या घरांत आहेराची वही असते, कोणी किती पाकीट दिलं ते लिहून ठेवतात आणि पुढच्या लग्नात तेवढंच किंवा थोडं वरती फिरवतात. ते कोणाला बोचत नाही, कारण रक्कम लहान असते आणि दोन्ही बाजू सारख्या. तुमची गोष्ट त्या वहीत बसणारी नाही.

भावाबद्दल दोन शब्द. पत्र वाचताना तो लबाड वाटत नाही मला. दोन लाख थकवलेला, धंद्यात अडकलेला आणि थोडा बेफिकीर माणूस वाटतो. त्याला तुमची घालमेल खरंच दिसत नसणार. फ्रँक फ्लिन आणि व्हनेसा लेक या दोन संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग आहे. लोकांना सांगितलं, अनोळखी माणसांकडून एक प्रश्नावली भरून आणा, पाच जण तयार व्हायला हवेत, किती जणांना विचारावं लागेल? त्यांचा अंदाज वीसच्या आसपास होता. प्रत्यक्षात दहाच्या आसपास माणसांना विचारून काम झालं. मागणारा फक्त कामाचं वजन बघतो. तोंडावर नाही म्हणणं समोरच्याला किती जड जातं, ते त्याच्या हिशेबात येत नाही.

म्हणून तुमचा ‘बघू’ भावाने ‘हो’ म्हणूनच ऐकला असेल. अडचण असती तर दादा बोलला असता, असं तो धरून चालला असेल. एव्हाना त्याने मोठ्या पातेल्यांची ऑर्डर दिली असेल, टेम्पोवाल्याला बयाणा दिला असेल. भीड भिकेची बहीण म्हणतात ते भीड बाळगणाऱ्याला उद्देशून. इथे तुमच्या भिडेने भावालाही महिनाभर भलत्या आशेवर ठेवलंय. नाही म्हणून त्याचं जेवढं नुकसान होईल, त्यातलं बरंचसं न बोलून आधीच झालेलं आहे. दर आठवड्याला त्यात भर पडतेय.

आता कंसाकडे येते.

तुमचं सगळं पत्र नीट, सरळ ओळींत आहे आणि दोन लाखांची गोष्ट तेवढी कंसात आहे. ‘बायकोला माहीत नाही’ हे तीन शब्द त्या कंसाच्याही शेवटी. माझ्या मते अख्ख्या पत्राचा गुंता तिथे आहे. काकू, कर्ज, कृतज्ञता हे नंतरचं.

अपराधी वाटणं आणि शरम वाटणं यांतल्या फरकावर जून टँगनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांच्या कामाचं थोडक्यात सार असं: ‘मी हे वाईट केलं’ असं ज्याला बोचतं तो सहसा समोरच्याकडे जातो, कबूल करतो, भरपाई करू बघतो. ‘मीच वाईट’ असं ज्याला वाटतं तो तोंड लपवतो, आणि कोंडीत सापडला की उलट चिडतो. तुम्ही गौरी जेवणाच्या दिवशी काय केलंत? ड्यूटी सांगून घरी बसलात. ही शरम आहे, आणि ती काकूंपुरती नाही.

त्या दिवशीची पंगत जरा डोळ्यांसमोर आणा. भावाला दोन लाखांची गोष्ट माहीत आहे. त्याच्या बायकोला बहुधा माहीत असेल. काकूंनाही कदाचित. तिथे पुरणपोळी वाढायला उठलेली, काकूंच्या औषधांची चौकशी करणारी तुमची बायको तेवढी त्या घरात एकटी अशी, जिला स्वतःच्या घरातून गेलेले दोन लाख माहीत नव्हते. हे तिला कधी ना कधी कळेल, आणि कळेल तेव्हा पैशांपेक्षा ही पंगत तिला जास्त झोंबेल.

लपवल्यामुळे आणखी एक झालंय. सही न करण्याचं सगळ्यात भक्कम कारण तुमच्याच खिशात आहे, आधीचे पैसे आलेले नाहीत, आणि ते तुम्ही वापरू शकत नाही. बायकोसमोर काढता येत नाही, कारण चोरी उघडी पडेल. भावासमोर काढता येत नाही, कारण तो वहिनीपुढे बोलेल ही धास्ती. त्यामुळे बायको नुसत्या अंदाजाने भांडतेय, आणि तुम्ही तिला मनातल्या मनात कडक ठरवताय. ‘बायको ठाम नाही म्हणते’ या वाक्यात मला थोडा तक्रारीचा सूर ऐकू आला. चूक असेल तर सोडून द्या.

तर पहिलं काम घरात. आज, मुलगी क्लासला गेली की. ‘तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नका, ते खरंही नाही आणि तिला ते बरोब्बर कळेल. अमुक साली भावाला दोन लाख दिले, तुला न विचारता दिले, परत आलेले नाहीत, आणि तुझ्यापासून लपवलं हे माझं चुकलं, एवढंच. मग गप्प बसा. ती चिडेल, रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. मध्येच काकांच्या उपकाराची गोष्ट काढू नका. ती तिला तोंडपाठ असणार.

तिचा राग ओसरला की दोघांनी मिळून ठरवा की त्या दोन लाखांचं करायचं काय. ‘सोडून दिले’ असं भावाला परस्पर सांगून मोठेपणा घेऊ नका, ते तुमच्या एकट्याचे नव्हते. उसन्या पैशांचा दावा लावायची मुदत कायद्याने तीन वर्षं असते, ती तुमची उलटून गेली असेल किंवा उलटायला आली असेल. पण तुम्ही दावा लावणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, तेव्हा तो मुद्दा राहू द्या.

दुसरं काम भाऊ. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. सूरसागर तलावाच्या काठावर बोलवा किंवा कामावरून सुटल्यावर कुठे चहाला भेटा, पण घरात काकूंच्या देखत सुरुवात करू नका. तिथे तुम्ही विरघळाल. कपाटातला फॉर्म बरोबर घेऊन जा आणि तसाच कोरा परत द्या. बोलायचं एवढंच: ‘मी जामीन राहणार नाही. महिनाभर तुला लटकवून ठेवलं, ते मी करायला नको होतं.’ ‘कंपनीत चालत नाही’ अशी थाप मारू नका, तो दुसऱ्या दिवशी त्यावर तोड घेऊन येईल. आणि ‘वहिनी नको म्हणते’ हे तर अजिबात नाही. पुरुष माणसं या वाक्यामागे फार सहज लपतात, आणि पुढची वीस वर्षं त्या घरात वाईटपणा बाईच्या वाट्याला येतो. कारण विचारलंच तर खरं सांगा: आधीचे दोन लाख आलेले नाहीत आणि पुढे मुलीचं शिक्षण आहे. बायकोला सांगून झालेलं असल्यामुळे आता हे बोलायला तुम्ही मोकळे असाल.

तेव्हाच्या तेव्हा समाधानादाखल काही रक्कम पुढे करण्याचा मोह होईल. ‘पंचवीस हजार ठेव’ वगैरे. करू नका. अर्थतज्ज्ञांचा एक खेळ आहे, १९८२ साली वेर्नर ग्युट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत पहिल्यांदा खेळवला. एकाने ठरावीक रकमेची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ती मान्य केली तर दोघांना आपापला वाटा, नाकारली तर दोघांनाही शून्य. आयते पैसे कोण सोडेल? पण नंतर जगभर हा खेळ खेळवला गेला, आणि रकमेच्या पाचव्या हिश्शाहून कमी देऊ केलं की बरेच जण ते भिरकावून देतात असंच बहुतेक ठिकाणी दिसत आलं. कमी मिळाल्यापेक्षा कमी लेखल्याचं त्यांना जास्त लागतं. पंधरा लाखांची सही मागणाऱ्याला त्याच बैठकीत पंचवीस हजार दाखवले तर तुमचा नकार तो विसरेल, ते पंचवीस हजार मात्र आयुष्यभर ऐकवेल. मदत वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या रूपात द्या. दहा लाखांपर्यंतचं मुद्रा कर्ज तारण न ठेवता मिळतं. त्याचे कागद लावून देणं, धंद्याचा जमाखर्च नीट मांडून देणं, बँकेत बरोबर जाणं, हे तुम्ही उत्तम करू शकता. हिशेब मांडल्यावर कदाचित त्यालाही कळेल की पंधरा लाखांची गरज नव्हती. किंवा धंदा तेवढं झेपणारा नाही हेही कळेल. ते त्याने बघायचं.

तिसरं काम काकू. भावाशी बोललात की त्याच संध्याकाळी काकूंच्या घरी जा. त्याच्या तोंडून कळलं तर गोष्ट वेगळीच होऊन पोचेल. त्या टोचून बोलतील. ‘तुझे काका असते तर’ हे वाक्य येणारच, मनाची तयारी ठेवा. त्यावर वाद घालू नका आणि आपली बाजू पुन्हा पुन्हा मांडू नका. ‘काकू, मी जामीन राहणार नाही. बाकी तुमचं जे काही असेल ते माझं’ एवढं म्हणा आणि चहा आला तर घ्या. सणासुदीला काही दिवस बोलावणं येणार नाही, एखादं लग्न अवघड जाईल. तरी तुम्ही जाणं थांबवू नका. थांबलात तर नकारापेक्षा ते त्यांच्या जास्त जिव्हारी लागेल.

आणि ‘तुमचं ते माझं’ हे म्हणाल ते लगेच करून दाखवा. सत्तरीच्या पुढच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळाच्या खर्चाची सोय मिळते, २०२४च्या ऑक्टोबरपासून. आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात त्याला. काकूंचं वय पत्रात नाही, पण तुमच्या वयावरून त्या सत्तरीपार असाव्यात. त्यांनी ते काढलंय का विचारा, आणि नसेल तर आधार कार्ड घेऊन तुम्ही स्वतः त्यांना घेऊन जा. गुडघ्याचं दुखणं काढलंच तर डॉक्टरकडे न्या, आणि रांगेत तुम्ही बसा. यातला पैसा कमी आहे, वेळ जास्त आहे. काकूंनी तुम्हाला दिलं तेही पुष्कळसं असंच होतं.

तुळशीचं लग्न लागलं की केटरिंगवाल्यांचा हंगाम सुरू होतो. भावाला दुसरा जामीनदार शोधायचा असो की दुसरं कर्ज, त्याच्या हातात काही आठवडे तरी असायला हवेत. म्हणून रविवारच्या पुढे ढकलू नका. आज घरात बोला, शनिवारी भावाला गाठा, आणि फॉर्मवरची पेन्सिलीची फुली खोडायच्या भानगडीत पडू नका, आहे तसाच परत द्या.